गाडी घेण्याआधी आईला मागच्या सीटवर बसवून बघा

उसाचं बिल खात्यावर पडलं की पारावर दोन विषय हमखास निघतात. कुणाकडं लग्न ठरलं, आणि कुणाच्या दारात कुठली गाडी आली. पूर्वी ट्रॅक्टर आला की पेढे वाटायचे, आता सेव्हन सीटर आली की वाटतात. वाटू द्यात, पेढे खायला आम्हीही जातो. पण शेतकरी बंधूंनो, बुकिंगचे पैसे भरण्याआधी दहा मिनिटं काढून एवढं वाचा. तुम्ही म्हणाल, बियाणं-खताचं सोडून हा शेतकी खात्याचा माणूस गाड्यांवर कधीपासून बोलायला लागला? त्याचं कारण असं की ठिबकचा पैसा, मोटरीचा पैसा, गोठ्याचा पैसा आणि गाडीचा पैसा एकाच पिशवीतून निघतो. गाडीची निवड चुकली की पुढची पाच वर्षं ठिबकचा विषय निघत नाही, हे मी गावोगाव फिरताना बघतो आहे.

फिरायला जाऊ नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या घरातली बाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस भाकरी, धारा आणि भांगलण यात अडकलेली असते. तिनं शनिवार-रविवारी गणपतीपुळ्याचा समुद्र बघितला, पोरांनी महाबळेश्वर पाहिलं, म्हाताऱ्या माणसांना जेजुरी, पंढरपूर, ज्योतिबा घडला, तर त्यात चैन कसली? उलट ते फार आधीच व्हायला हवं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांच्या नावानं आपण मोठी गाडी घेतो, तीच माणसं त्या गाडीत सगळ्यांत वाईट जागी बसतात.

शोरूममध्ये काय चालतं ते आठवा. कर्ता पुरुष स्टिअरिंगमागं बसतो. पोरगा स्क्रीनवर गाणी लावून बघतो. मेव्हणा टायरला लाथ मारून मान हलवतो. आणि आई? ती बाहेर सोफ्यावर गार पाण्याचा ग्लास हातात धरून बसलेली असते. गाडीचा रंग सुनेला विचारतात, तेवढाच तिचा सहभाग. तिसऱ्या रांगेत कुणी बसूनच बघत नाही. गाडी दारात आली, नारळ फुटला आणि पहिल्या देवदर्शनाला निघताना मग वाटणी होते. पुढं कर्ता आणि पाहुणे, मधे बाकीचे पुरुष, आणि मागं आजी, सून, पोरं.

ही मागची जागा कशी असते? मधली सीट दुमडायची, पाय उचलून त्या फटीतून आत शिरायचं. मागची जमीन उंच आणि सीट बुटकी, म्हणून गुडघे छातीला येतात. खिडकीची काच बहुतेक गाड्यांत उघडत नाही. शिवाय ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागं येते, त्यामुळं घाटात प्रत्येक वळणाचा झोका तिथंच जास्त बसतो. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात उलटी कुणाला होते ते बघा. बहुतेक मागं बसलेल्यालाच. मग आपण म्हणतो, 'आईला गाडी लागते.' आईला गाडी लागत नाही, आईला ती जागा लागते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की शोरूमला जाताना घरातलं सगळ्यात थोरलं माणूस बरोबर न्या. मधली रांग भरा. मग त्या माणसाला मागं बसवा, चांगली वीस मिनिटं. नंतर कुणाचा हात न धरता उतरता येतं का ते बघा. एसीचा झोत मागं पोचतो का, डोकं छताला लागतं का, पाठ टेकते का, हे सगळं तिथंच कळतं. कंपनीचा माणूस मायलेज सांगेल, स्क्रीन किती इंची ते सांगेल. हे सांगणार नाही. त्याचा दोष नाही, आपण विचारतच नाही.

जुन्या लोकांना कमांडर जीप आणि ट्रॅक्स आठवत असेल. मागं समोरासमोर बाकडी, मधे पिशव्या, आणि दारात लोंबकळणारे दोघे. १९९४ साली टाटांची सुमो आली तेव्हा ऐसपैस गाडी म्हणून तिचं केवढं कौतुक झालं! सुमंत मुळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. आडव्या बाकड्यांची सवय मात्र गेली नाही. अजूनही जुनी गाडी घेताना 'मागं चारजण आरामात बसतात' असं ऐकू येतं. बसतात, पण ब्रेक लागला की एकमेकांवर आदळतात. पुढं तोंड असलेली सीट आणि खांद्यावरून येणारा पट्टा, याला पर्याय नाही.

पट्ट्याचं निघालंच आहे तर सांगतो. मागच्या सीटवर पट्टा लावायचा असतो, हे आपल्याकडं कुणाच्या गावीच नसतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी भारीतली होती, पण ते मागं बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. कायद्यानं पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड आहे, तो भाग सोडा. सात सीटची गाडी घेताना सातही जागी पट्टा आहे का, तो ओढला तर नीट येतो का आणि मागच्या पोराच्या खांद्यावर बसतो का, हे हातानं बघा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप या नावानं गाड्या धडकवून तपासण्याची पद्धत सुरू झाली आहे. मोठ्या माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगवेगळे स्टार देतात. तुमच्या मनातल्या गाडीची अशी तपासणी झाली आहे का आणि किती स्टार मिळाले, एवढं विचारायला काहीच पैसे पडत नाहीत.

आता माणसं मोजू. आमच्या भागातल्या एका नऊ माणसांच्या घरानं सात सीटची गाडी घेतली. वर्षभरात पाच सहली झाल्या. पाचही वेळा थोरली सून आणि सासरे घरीच. का? दावणीला चार गाई. जनावराला रविवार नसतो. सकाळ-संध्याकाळची धार कुणीतरी काढलीच पाहिजे, डेअरीला दूध गेलंच पाहिजे. दुभती जनावरं असलेल्या घरातली सगळी माणसं एकाच वेळी कधीच बाहेर पडत नाहीत, मग गाडीला सात सीट असोत की सतरा. त्या थोरल्या सुनेला समुद्र दाखवायचा असेल तर आणखी मोठी गाडी घेऊन उपयोग नाही. दोन दिवस धारा काढायला भरवशाचा माणूस लावायला हवा, किंवा शेजाऱ्याशी तसा वारंगुळा करायला हवा. एक रविवार त्यांनी आपली जनावरं बघायची, एक आपण त्यांची. याचा खर्च हप्त्याच्या मानानं काहीच नाही, पण गाडी घेताना हा हिशेब कुणी मांडतच नाही.

तेव्हा घरात माणसं किती, हे मोजून भागत नाही. एका वेळी खरोखर किती निघतात, ते मोजा. पाच निघत असतील तर तिसरी रांग कशाला?

सामानाचंही तसंच. सातजण बसल्यावर मागं काय उरतं, याचा आकडा कंपन्या लिटरमध्ये देतात आणि आपण तो वाचत नाही. खरं तर लिटर आपल्याइतकं कुणाला कळतं? रेनॉच्या ट्रायबरमध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना मागं ८४ लिटर जागा राहते. म्हणजे ४० लिटरचे दुधाचे दोन कॅन. मारुतीच्या अर्टिगात २०९ लिटर, म्हणजे पाच कॅन. सात माणसांचे दोन दिवसांचे कपडे, भाकरीचं गाठोडं, पाण्याचा जार आणि येताना घेतलेला प्रसाद दोन कॅनच्या जागेत बसवून दाखवा बरं! मग पिशव्या मांडीवर येतात, नाहीतर टपावर जातात. याचा अर्थ ट्रायबर वाईट, असा नाही. पाच माणसांसाठी तिची मागची सीट काढून ठेवली तर तीच जागा ६२५ लिटर होते. पाच माणसं, भरपूर सामान आणि एखाद वेळी सात, असं ज्यांचं गणित आहे त्यांना ती परवडते. अर्टिगा सीएनजीमध्ये घेत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की टाकी मागच्या सामानाच्या जागेतच बसते. जवळचा सीएनजी पंप किती लांब आहे आणि तिथं रांग किती असते, हेही आधी बघा.

घाट आणि पाणंद हा आपल्या भागातला खरा प्रश्न. अर्टिगा, ट्रायबर या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. बोलेरोची मागची चाकं ढकलतात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागं वजन पडलं की पुढचं हलकं होतं. सात माणसं भरून ओल्या चढाच्या पाणंदीवर पुढची चाकं ओढणारी गाडी घातली की चाक जागीच फिरायला लागतं. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत तेच वजन चाकावर बसतं आणि पकड येते. म्हणून ज्याचं घर मळ्यात आहे आणि पावसाळ्यात रस्ता चिखलाचा आहे, त्यानं बोलेरोसारख्या गाडीचा विचार केला तर त्यात शहाणपण आहे. पण तिला मागं पाटे आहेत. डांबरीवर लांबच्या प्रवासाला मागं बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात. गाव ते हायवे चांगला रस्ता असेल आणि जाणं बहुतेक डांबरावरच असेल, तर दणकट दिसते म्हणून पाट्यांची गाडी घेऊ नका. आणि गाडी कुठलीही असो, टायरमध्ये हवा एकट्यासाठी वेगळी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळी असते. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो, त्यावर दोन्ही आकडे असतात. घाट चढण्याआधी तो एकदा वाचा.

डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण यात आपले बरेच लोक फसतात. १ एप्रिल २०२० पासून नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी साठलेली काजळी स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी धुराडं चांगलं तापावं लागतं. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं गाडी एकसारखी वेगात पळायला हवी. आपली गाडी काय करते? घरातून मळ्यात, मळ्यातून डेअरीत, डेअरीतून सोसायटीत. दोन-दोन किलोमीटर. गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गॅरेजवाल्याचं बिल बघून धनी खाली बसतो. जुन्या जीपच्या काळचं 'डिझेल म्हणजे काटकसर' हे गणित आता जसंच्या तसं लागू नाही. आठवड्यातून एकदा तरी लांब पल्ला होत असेल तरच डिझेल घ्या. पेट्रोल घ्यायचं तर त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं, म्हणजे थोडा तुमचाच ऊस पुन्हा तुमच्या टाकीत येतो! एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली जुनी पेट्रोल गाडी घेताना मात्र तिला हे मिश्रण चालतं का, याची खात्री करा.

किमतीचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत येते, त्यावरची ४० टक्क्यांत. त्यामुळं ट्रायबर आणि बोलेरो एका बाजूला, अर्टिगा दुसऱ्या बाजूला. वर महाराष्ट्रात एकरकमी रस्ताकर, पेट्रोलला किमान ११ टक्के आणि डिझेलला किमान १३ टक्के. शोरूमच्या पाटीवरचा आकडा आणि दारात येईपर्यंतचा आकडा यात म्हणूनच एवढं अंतर पडतं. सौदा नेहमी दारातल्या आकड्याचा करा.

आणि कर्ज. समजा ८ लाख रुपये कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे १६,६०० रुपये. दुधाला लिटरला ३२ रुपये धरले तर रोजचं सतरा लिटर दूध नुसतं हप्त्याला गेलं. पेंड, वैरण, डॉक्टर अजून बाकीच आहे. उसात मोजायचं तर टनाला ३,३०० आणि एकरी ४० टन धरून वर्षाला दीड एकराचा सगळा ऊस, तोही खर्च वजा न करता. त्यातही पंचाईत अशी की हप्ता दर महिन्याला येतो आणि ऊस वर्षातून एकदा. चौदा दिवसांत बिल द्यावं असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण बँकेच्या तारखेला कारखान्याची तारीख जुळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? कर्ज घ्यायचंच असेल तर पीक निघाल्यावर सहामाही किंवा वार्षिक हप्ता भरण्याची सोय बँकेत विचारा. विचारणारे थोडे असतात, म्हणून सांगणारेही थोडे असतात.

याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडा. सात सीटची टॅक्सी किलोमीटरला १८ रुपये आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटर, असा दर धरू. दोन दिवसांच्या सहलीला १०,८०० आणि ड्रायव्हरचा भत्ता हजारभर. वर्षात अशा सहा सहली म्हणजे सत्तर-बहात्तर हजार, टोल वेगळा. हप्ते वर्षाला दोन लाखांच्या घरात, त्यात तेल नाही, विमा नाही, टायर नाहीत. शिवाय टॅक्सीत घाटातून गाडी चालवणारा माणूस आदल्या रात्री उसाला पाणी पाजून आलेला नसतो, हा फायदा कुठल्याच हिशेबात येत नाही.

घरची गाडी रात्री-अपरात्री दवाखान्याला लागते, बाजाराला लागते, हे मला मान्य आहे. पण त्या कामाला पाच सीटची साधी गाडी पुरते, आणि ती जुनीही चालते. जुनी घेताना आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. चार-पाच माणसांच्या घरानं अशी छोटी गाडी ठेवावी आणि सहलीला मोठी भाड्यानं करावी, हे माझं स्पष्ट मत आहे. ज्या एकत्र कुटुंबात रोज पोरांची शाळा, बाजार, नातेवाईक मिळून सहा-सातजण खरोखर गाडीत असतात, त्यांनी मोठी गाडी जरूर घ्यावी. ती त्यांच्या कामाची वस्तू आहे. चार एकराला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर नको म्हणणारा शेतकरी गाडीच्या वेळी मात्र तेच करतो, याचं मला नवल वाटतं.

'हप्ता निघावा म्हणून मधून-मधून भाड्याला देऊ' असा सल्ला देणारे भेटतील. पांढऱ्या नंबरपाटीची गाडी भाडं घेऊन चालवणं बेकायदा आहे, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाडं करायचं तर पिवळी पाटी, परवाना, फिटनेस हे सगळं आलं. तुम्ही स्वतः गाडी ठरवताना सुद्धा पाटीचा रंग बघूनच बसा.

शेवटी सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेब यांच्याशी दोन शब्द. पदनामं बदलली तरी आम्ही अजून त्याच नावांनी हाक मारतो. यात्रेच्या दिवशी गावातून पिकअप, टेम्पो भरभरून माणसं निघतात. ज्यांना गाडी परवडत नाही, त्यांची ही सहल. त्यात बायका, पोरं, म्हातारी माणसं असतात, हौद्यात ताडपत्री अंथरून बसलेली. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस धरतात. देवाला निघालेली वीस माणसं त्यात येत नाहीत. गाडी उलटली तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर, आणि तो बहुतेक गावातलाच दोन एकरवाला असतो. पोलिसांनी घाटात अडवण्यापेक्षा गावाच्या वेशीवर तुम्ही अडवलेलं बरं.

अडवायचं तर पर्यायही द्यायला हवा, आणि तो आहे. एसटी प्रासंगिक करारावर पूर्ण गाडी देते. आषाढीला चाळीसहून अधिक प्रवासी असतील तर थेट गावातून पंढरपूरला गाडी सोडण्याची सोय महामंडळानं अलीकडच्या वर्षांत केलेली आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना साध्या फेरीत तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. प्रासंगिक कराराला मात्र वेगळा दर लागतो, तो आगारात आधी विचारून घ्यावा. चाळीस माणसांची नावं लिहून आगार व्यवस्थापकाकडं अर्ज द्यायला ग्रामपंचायतीचा एक कागद आणि एक शिक्का लागतो. यात्रेच्या आधी पंधरा दिवस तो अर्ज गेला तर गाडी मिळण्याची शक्यता जास्त, कारण ऐन यात्रेत आगारातही गाड्यांची ओढाताण असते.